ओट्याखालचे रंग

स्वयंपाकघरातल्या कपाटाचा रंग निवडायचा असतो, ही गोष्ट इचलकरंजीत तशी अलीकडची. भिंतीतले फडताळ, त्याच्या सागवानी दारांना हिरवा नाहीतर आकाशी ऑइल पेंट आणि समोर स्टीलची मांडणी, एवढ्यावर इथली स्वयंपाकघरे वर्षानुवर्षे चालली. घासून लखलखीत केलेली भांडी दिसावीत म्हणूनच मांडलेली असत. कडप्प्याच्या ओट्याखाली सिलिंडर, पिंप आणि कांदे-बटाट्याची टोपली. ही जागा झाकायची टूम किचन ट्रॉलीबरोबर आली. तारेच्या ट्रॉल्यांपुढे शटर लागले आणि शटरवर काय चिकटवायचे, हा प्रश्न उभा राहिला.

बराच काळ त्याला एकच उत्तर होते: सनमायका. हे एका कंपनीच्या मालाचे नाव, पण सुताराच्या तोंडी कुठलाही लॅमिनेट सनमायकाच. फेनॉलिक राळेत भिजवलेल्या क्राफ्ट कागदाचे थर, वर मेलामाइनमध्ये भिजवलेला छापील कागद, आणि हे सगळे उष्णतेत व प्रचंड दाबाखाली एकजीव केलेले. बाहेरून 1 मिलिमीटरचा, आतून पातळ पांढरा लायनर, ही सर्वसाधारण रीत. आधी सागवानी आणि अक्रोडी छटा चालल्या. मग चकचकीत मरून आणि वाइन रंगाचे दिवस आले. वरची कपाटे क्रीम, खालची मरून ही जोडी अजूनही अनेक घरांत टिकून आहे. त्यानंतरच्या ॲक्रिलिकने आरशासारखी झळाळी आणली. शटरवर फुलांची छपाई करण्याचा एक काळही मध्ये येऊन गेला. तो गेला हे बरेच झाले.

आता ओढा मॅटकडे आहे. करडा, बेज, मातकट तपकिरी, फिका शेवाळी हिरवा, खालच्या कपाटांना गडद निळा आणि मध्ये कुठेतरी लाकडी पोताची पट्टी. मुठी गेल्या, त्यांच्या जागी शटरच्या कडेलाच ॲल्युमिनियमचे प्रोफाइल आले. पँटोन या रंगकंपनीने 2025 साठी मोका मूस हा तपकिरी रंग जाहीर केला, तेव्हा त्याच्या जवळपासच्या छटा लॅमिनेटच्या फोल्डरमध्ये आधीच होत्या. काळा रंग मात्र वास्तूच्या धास्तीने अजून अडतो. ओट्याचा ग्रॅनाइट काळा असला तरी चालतो, शटर काळे चालत नाही.

रंग फोल्डर पाहून ठरतो, फिनिशची परीक्षा मात्र फोडणी घेते. तांबड्या रश्श्याच्या घरात तेलाची वाफ शटरवर बसतेच. चकचकीत पृष्ठभागावर ती लगेच दिसते आणि ओल्या फडक्याने लगेच निघते. साध्या मॅटवर ती दिसत नाही, पण बारीक खडबडीत पोतात मुरते आणि हाताळून हाताळून शटरच्या कडेला तेलकट डाग धरतो. तो तारेच्या घासणीने घासला की तेवढाच भाग कायमचा चमकू लागतो. हळदीची गोष्ट वेगळी. तिच्यातले कर्क्युमिन फिक्या रंगाच्या शटरवर पिवळा ठसा सोडते. धुण्याची पावडर किंवा सोडा लावला की अल्कलीमुळे तो लालसर होतो आणि गृहिणीचा धीर सुटतो. ऊन मिळाले तर हा डाग हळूहळू फिका पडतो, पण ओट्याखाली ऊन येणार कुठून? बोटांचे ठसे न उमटणारे सुपर मॅट फिनिश यासाठीच खपते, आणि महाग असूनही फिक्या रंगांना तेच परवडते.

त्यात इथे रुईची भर. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून माग आणि घर एकमेकांना चिकटून वाढले. मागाच्या शेजारच्या घरात हवेतला तंतू तेलकट शटरवर बसला की त्याची राखी साय होते. म्हणून उभ्या खाचांची, फ्लूटेड शटर दिसायला देखणी असली तरी अशा घरात गॅसजवळ नकोत; प्रत्येक खाच वेगळी पुसावी लागते. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचेही तेच: ओल्या थरावर एक तंतू बसला तरी तो भाग पुन्हा घासावा लागतो. हे काम बंदिस्त बूथमध्येच व्हावे, जागेवर नको.

छटा पारखण्यात हे गाव मागे नाही. कापड रंगवणाऱ्या प्रोसेसमध्ये छटा ठरलेल्या प्रकाशातच जुळवतात, कारण दिव्याखाली एकसारखे दिसणारे दोन नमुने उन्हात वेगळे निघू शकतात. लॅमिनेटलाही हाच नियम लागू आहे. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली बेज वाटलेला तुकडा घरातल्या पिवळ्या एलईडीखाली गुलाबी दिसू शकतो. तुकडा घरी नेऊन, ओट्याजवळ उभा धरून, दिवसा आणि दिवा लावून पाहणे एवढाच त्याला उपाय.

रंगाखालचे लाकूडही पाहावे लागते. 2019 आणि 2021 च्या पंचगंगेच्या पुरांनी नदीकाठच्या घरांत पाणी शिरवले, आणि पाण्यात राहिलेला साधा एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड फुगतो; वरचा लॅमिनेट शाबूत असला तरी शटर मिटत नाही. आयएस 710 चे मरीन प्लाय त्यापेक्षा बरेच टिकते. स्टील किंवा ॲल्युमिनियमचे सांगाडे सर्वांत निर्धास्त, पण त्यांत रंगांची निवड कमी. ट्रॉलीचे स्टीलही विचारून घ्यावे: 304 दर्जाचे गंजायला सहसा धजत नाही, स्वस्तातले 202 ओलीत डाग धरते.

न्हाणीघरात फॅशनला फारसा वाव नाही. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे बादल्या आणि पिंपे भरून ठेवलेली असतात आणि फरशी बहुतेक वेळ ओलीच. बेसिनखालचे कपाट जमिनीला टेकलेले नको, भिंतीवर टांगलेले हवे, आणि प्लायऐवजी पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी बोर्डाचे. काळे मॅट नळ आणि गडद शटर चित्रात शोभतात. जड पाण्याचे पांढरे ठिपके त्यांवरच सर्वांत उठून दिसतात. फिका करडा किंवा वाळूचा रंग ते लपवतो. ठिपके लिंबाच्या फोडीने किंवा पातळ व्हिनेगरने निघतात, मात्र लगेच साध्या पाण्याने पुसून घ्यावे लागते, नाहीतर बेसिनखालचा संगमरवर असेल तर तोच झिजतो.

जुने स्वयंपाकघर बदलताना सांगाडा चांगला असेल तर केवळ शटर बदलता येतात. बिजागरांची भोके जुळली पाहिजेत आणि कडांना एज बँडिंग यंत्रावर झालेले पाहिजे. हाताने चिकटवलेली पट्टी सिंकजवळ आधी सुटते, मग पाणी आत जाते, आणि रंग कुठलाही असो, शटर खालच्या कोपऱ्यापासून खराब व्हायला लागते.