कवितेचे माप

कवितेचा विषय काढला की आमचे हमाल आणि बांधकाम मजूर बंधू हात जोडतात आणि म्हणतात, "ते शिकलेल्यांचे काम." आम्ही स्वतः शाळेत फार गेलो नाही; जे वाचले ते संघटनेच्या धावपळीतून वेळ काढून वाचले. तरीही हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. बाजारात कोणी माप मारले तर ते कळण्यास गणिताची परीक्षा द्यावी लागत नाही. कवितेचे मापही कान असेच ओळखतो. ठाऊक नसतात ती फक्त त्याची नावे. ती नावे मुखेडच्या श्रोत्यांपुढे ठेवावीत, एवढाच आमचा हेतू आहे.

कवितेची तीन अंगे आधी पाहू. पहिले लय. मोर्च्यात घोषणेचा अर्धा भाग एक जण देतो आणि उरलेला शेकडो लोक पुरा करतात. दोन्ही भागांचे वजन जुळले नाही तर कोणी पुढे जातो, कोणी मागे राहतो, आणि आवाज फुटतो. हे वजन जुळणे म्हणजे लय. दुसरे यमक. ओळींच्या शेवटी सारखा उच्चार आला की पुढची ओळ आठवण्यास खुंटी मिळते. तिसरे प्रतिमा. "पाणीटंचाई आहे" ही बातमी झाली. "घागर विहिरीवरून रिकामीच घरी आली" म्हटले की ती बाई, ती विहीर आणि ते ऊन डोळ्यांपुढे उभे राहते.

ही अंगे निव्वळ सजावटीसाठी आली नाहीत. मराठवाड्यात 1948 पर्यंत निजामाचे राज्य होते आणि कारभाराची भाषा उर्दू होती. गरिबाच्या घरी पाटी नव्हती, पुस्तक नव्हते. त्याची मराठी तोंडातोंडी जगली. लय आणि यमक ही त्या निरक्षर माणसाची वही होती. एखादा शब्द गळाला तर लय अडखळे, आणि गळालेले लगेच लक्षात येई.

आता प्रकार पाहू. सर्वांत घरगुती प्रकार ओवीचा. जात्यावरच्या ओवीत अक्षरे काटेकोर मोजलेली नसतात. हाताचा फेरा आणि गळ्याचा सूर मिळून तिची लांबी ठरते. हीच ओवी ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, तत्त्वज्ञान सांगण्यासाठी वापरली. ग्रंथातल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा बहुधा आखूड व मोकळा असतो.

अभंगाचे माप अधिक ठरीव आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे येतात, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. उदाहरणासाठी आम्हीच जुळवलेले हे चार चरण बोटांवर मोजून पाहा:

हमालाची पाठ
सोसते जो भार
त्यावरी संसार
बाजाराचा

शेवटी "मुखेडच्या बाजाराचा" असे म्हणून पाहा. माहिती वाढली, पण टाळ चुकला. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होत्या. दळणकांडण करणाऱ्या बाईलाही हे माप पेलले, याचा त्यांच्या अभंगांहून मोठा पुरावा कोणता?

श्लोकात अक्षरांच्या संख्येबरोबर त्यांचे ऱ्हस्वदीर्घही पाहावे लागते. ऱ्हस्व ते लघू, दीर्घ ते गुरू. "उभा गाव सारा नदीच्या किनारी" ही आमची ओळ सावकाश म्हणा: एक लघू, दोन गुरू, असे चार वेळा. हे भुजंगप्रयात वृत्त. रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत.

पोवाडा हा डफाच्या साथीने चौकात उभ्या उभ्या सांगण्याचा प्रकार. त्यात कथा पुढे सरकली पाहिजे. अण्णाभाऊ साठे यांनी 1943 साली स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचून दूरदेशीची झुंज मुंबईच्या कामगारापर्यंत पोचवली. मुक्तछंदात ठरलेले माप नसते, पण म्हणून तो सोपा नव्हे. तेथे ओळ कोठे तोडावी हे बोलणाऱ्याचा श्वास ठरवतो. गिरणीत राबलेले, शाळेत शिपाई म्हणून काम केलेले नारायण सुर्वे यांचा "ऐसा गा मी ब्रह्म" हा संग्रह 1962 साली आला आणि कामगाराचे रोजचे बोलणे कवितेत मानाने बसले.

एवढे कळल्यावर एक काम आपल्यावर येते. पिठाची गिरणी आली, बायकांच्या हातांना विसावा मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु जाते थांबले तेव्हा ओवीची लयही थांबली. साने गुरुजींनी "स्त्रीजीवन"मध्ये ओव्या जमवल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तरी आपल्या गल्लीतली ओवी त्यांत आलीच असेल असे नाही. ज्यांच्या घरी आजी आहे, त्यांनी तिच्याजवळ बसून दहा ओव्या लिहून घ्याव्यात. भाषा तिची तशीच ठेवावी, सुधारू नये. आणि खाली तिचे नाव लिहावे. आजवर ते कोणी लिहिलेले नाही.