आई-बाप काय मागतात? : कोल्हापूर परिसरातील तीन कादंबऱ्या, पालक-पाल्य संघर्ष आणि सांस्कृतिक अस्मिता

मराठी कादंबरीतील पालक व पाल्य यांच्या संघर्षाचा विचार करताना 'परंपरा विरुद्ध आधुनिकता' हे सूत्र इतके रूढ झाले आहे, की उत्तरपत्रिकांप्रमाणेच आपल्या चर्चासत्रांतील निबंधांतही ते जसेच्या तसे आढळते. बाप म्हणजे परंपरा, मुलगा म्हणजे नवे शिक्षण आणि दोघांच्या झगड्यातून घडणारी ती मुलाची सांस्कृतिक अस्मिता, अशी ही मांडणी. प्रस्तुत लेखात कोल्हापूर जिल्ह्याशी नाते असलेल्या लेखकांच्या तीन कादंबऱ्यांच्या आधारे हे सूत्र तपासून पाहावयाचे आहे. वि. स. खांडेकर यांची 'ययाति' (१९५९), राजन गवस यांची 'चौंडकं' (१९८५) आणि आनंद यादव यांची आत्मचरित्रात्मक कादंबरी 'झोंबी' (१९८७) या त्या तीन. तिन्हींत आई-बाप अपत्याकडे काही मागतात. ते काय मागतात आणि ती हकिकत कोण सांगते, याकडे लक्ष दिले की रूढ सूत्र अपुरे पडते.

'ययाति'तील मागणी सर्वपरिचित आहे. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वृद्ध झालेला राजा मुलाचे तारुण्य मागतो व पुरू ते देतो. महाभारतात इतर मुलगे नकार देतात आणि देणाऱ्या पुरूला राज्य मिळते. म्हणजे मूळ कथेत हा पितृभक्तीचा आदर्श आहे. खांडेकरांनी या आदर्शाला भोगलालसेच्या चिकित्सेचे रूप दिले आणि अखेरीस ययातीला पश्चात्तापापर्यंत नेले. १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार लाभलेल्या या लेखकाच्या कीर्तीचा मोठा आधार ही कादंबरीच आहे. परंतु तिच्या रचनेकडे पाहता एक गोष्ट खटकते. ययाती, देवयानी व शर्मिष्ठा असे तीन निवेदक येथे आहेत. ज्याचे तारुण्य जाते तो पुरू मात्र निवेदक नाही. पालकांच्या पिढीला आत्मकथनाचा अधिकार आहे, पुत्राच्या वाट्याला केवळ त्याग येतो. गिरीश कर्नाड यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कन्नड नाटकात पुरूला पत्नी दिली व या त्यागाचा जाब तिच्या तोंडून विचारला. खांडेकरांच्या पुरूच्या बाजूने असे बोलणारे कोणी नाही.

'झोंबी'त निवेदनाचे हे पारडे पूर्णतः फिरते. येथे मुलगाच सांगतो आणि बाप त्याच्याच नजरेतून दिसतो. १९९० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, तरी बापाच्या विरोधाचे स्वरूप पुरेसे नीट पाहिले गेलेले नाही. हा बाप शाळेला विरोध करताना कोणत्याही परंपरेचा हवाला देत नाही. त्याला मुलाचे तास हवे आहेत. मळ्यातले काम मुलाने उरकले की स्वतःला गावात हिंडायला मोकळीक, इतके साधे हे गणित आहे. याला परंपरानिष्ठा म्हणणे बापावरही अन्याय आहे आणि परंपरेवरही!

त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे शाळेचे दार कसे उघडते ती. आई आणि मुलगा दत्ताजीराव देसाई यांच्याकडे जाऊन गाऱ्हाणे घालतात. सरकार बापाला बोलावून खडसावतात. आणि मगच परवानगी मिळते. तीही अटीवर : शाळेपूर्वी मळ्यातले काम, शाळा सुटल्यावर गुरे. आधुनिक शिक्षणाची वाट सरंजामी शब्दाच्या वजनाने मोकळी होते. येथे एक ऐतिहासिक संदर्भ ध्यानात घेतला पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरवला. आई-बाप आणि मूल यांच्यामध्ये कायदा उभा राहिला, तो इतक्या आधी. शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटगे घराण्यातले. यादवही कागलचेच, जन्म १९३५ चा. असे असूनही 'झोंबी'तील मुलाला शाळेसाठी सरकारांच्या वाड्याची पायरी चढावी लागते. शाळेसाठी दंडाची तरतूद करता येते, मळ्याला लागणारे दोन हात मात्र दंडाने मिळत नाहीत.

अस्मितेचा प्रश्न 'झोंबी'त शाळेतही उभा राहतो. धोतर व गमछा अशा वेशात आलेल्या मुलाची वर्गात टवाळी होते. तो आईकडे टोपी आणि नाडीची चड्डी मागतो. घरापासून सुटण्याची किंमत अशी पोशाखापासून द्यावी लागते. पुढे सौंदलगेकर मास्तरांमुळे कविता भेटते, आणि येथे यादवांच्या प्रतिभेचा खरा प्रत्यय येतो. मुलगा पिकाला पाणी देताना कविता म्हणतो, गुरे राखताना म्हशीच्या पाठीवर काठीने ओळी रेखतो. बापाने लादलेल्या कामाच्या तासांतच, मळ्यातल्या एकांतात, त्याला स्वतःचा सूर सापडतो. मळा सोडला आणि अस्मिता मिळाली, असा सरळ हिशेब येथे मांडता येत नाही.

'चौंडकं'विषयी थोडक्यात. यल्लम्माला सोडलेल्या मुलीची ही कहाणी आहे. येथे मागणी तासांची नाही, देहाचीच आहे. केसांत जट आली की तो देवीचा कौल मानणाऱ्या समाजात आई-बाप लोभापेक्षा भीतीने वागतात. मागे देवीचा कोप, पुढे गावाचा धाक. रूढ सूत्राप्रमाणे 'परंपरा' म्हणावी अशी गोष्ट तिन्ही कादंबऱ्यांत खऱ्या अर्थाने येथेच आहे, आणि नेमके येथेच बंडाला जागा सर्वांत कमी आहे. शिवाय येथे अपत्य मुलगी आहे. झोंबणारा मुलगा आणि सोडलेली मुलगी यांना 'पिढ्यांमधील अंतर' या एकाच शीर्षकाखाली शिकवणे अवघड आहे.

शिवाजी पेठेतील आमच्या वर्गात करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांतून येणारे विद्यार्थी असतात. त्यांतील कित्येकजण पहाटे धारा काढून, डेअरीला दूध घालून सकाळच्या तासाला बसतात. त्यांना आपण 'झोंबीतील परंपरा व आधुनिकता यांचा संघर्ष स्पष्ट करा' असा प्रश्न घालतो आणि ते मार्गदर्शकातील उत्तर लिहितात. त्याऐवजी, बापाने मागितलेले तास कोणते आणि मुलाने त्या तासांचे काय केले, असे विचारून पाहावे. एवढ्या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकात सापडणार नाही.