चाळीतून सोसायटीत – ६ : गोठवलेले भाडे, गोठवलेला मेंटेनन्स

सोसायटीच्या नोटीस बोर्डावरची भांडणे बहुधा स्वस्त विषयांवर असतात. खिडकीतून पाणी सांडू नये, कुत्र्याला लिफ्टमधून नेऊ नये, पाहुण्यांची गाडी आत लावू नये. यातले काही नियम पोटनियमांत बसतात, काही सेक्रेटरींच्या मनातून थेट बोर्डावर उतरलेले असतात आणि उपनिबंधकांपुढे टिकत नाहीत. त्यांचा समाचार मागच्या भागांत घेतला. पण कुत्र्यावरून भांडण झाले म्हणून इमारत खचल्याचे कोणी ऐकलेले नाही. इमारतीला खरा धोका असतो तो वार्षिक सभेच्या शेवटी, चहा-वड्याची वेळ झालेली असताना, विनाचर्चा मंजूर होणाऱ्या ठरावाचा : यंदाही मेंटेनन्स वाढवू नये. गिरगाव, लालबाग, परळमध्ये चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींत परत आलेल्या जुन्या भाडेकरूंना हा ठराव आपल्या हिताचा वाटतो. माझे म्हणणे असे की, ज्या गोठवलेल्या भाड्याने त्यांची चाळ खिळखिळी झाली त्याचीच ही नवी आवृत्ती आहे. फरक एवढाच की या वेळी मालकाच्या खुर्चीत ते स्वतः बसलेले आहेत.

ती जुनी गोष्ट नीट आठवायला हवी, कारण आपल्याकडे ती फक्त मालकाच्या दुष्टपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. महायुद्धाच्या काळात मुंबईत जागेची टंचाई वाढली आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० च्या दिवशीचे भाडे प्रमाण मानले. त्या घडीला ते योग्यच होते. नाहीतर गिरणी कामगाराला परळमध्ये राहणे अशक्य झाले असते. पण आणीबाणीचा उपाय अर्धशतक टिकला. चुना, सागवान, गवंड्याची मजुरी, सारे वाढत गेले आणि भाडेपावतीवरचा आकडा तिथेच राहिला. खोलीची खरी किंमत पागडीच्या रूपाने वसूल होत होती, पण ती मालकाच्या आणि सोडून जाणाऱ्या भाडेकरूच्या खिशात गेली. जिन्याच्या तुळयांपर्यंत पोचली नाही. चाळी पडू लागल्या तेव्हा सरकारला १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ काढावे लागले. तेव्हा उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारती होत्या १९,६४२, म्हणजे जुन्या शहराचा बराचसा भाग. ही भाडेबंदी आता वाजवी राहिलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले. २००० साली लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली, पण तोवर वासे पोखरले गेले होते. मालकांनी हात झटकले हे खरेच, त्यांची वकिली करण्याचे कारण नाही. मात्र दुरुस्तीचा खर्च कुणाच्याच हिशेबात न धरता स्वस्तात राहता येते, ही समजूत भाडेकरूंनीही जपली.

आता सोसायटीच्या बिलाकडे पाहा. आदर्श पोटनियमांनी त्यात दोन रकाने मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. दुरुस्ती व देखभाल निधीसाठी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के. यात जमिनीची किंमत धरायची नसते. समजा एका फ्लॅटचा बांधकाम खर्च २० लाख रुपये आहे; तर या दोन रकान्यांचेच वर्षाला २०,००० रुपये, महिन्याला साधारण १,६६७ होतात. वॉचमन, सफाई, लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे हे सगळे वेगळे. पुष्कळ सोसायट्यांत मेंटेनन्स म्हणून जो ठोक आकडा घेतला जातो, त्यात या दोन रकान्यांच्या वाट्याला काही येतच नाही. घर फुकट मिळाले, मग बांधकाम खर्च कसला, असेही विचारले जाते. घर तुम्हाला फुकट मिळाले. सिमेंट आणि सळई कुणाला फुकट मिळालेली नाही, आणि त्या गंजतातही रोख हिशेबाने. तिसाव्या वर्षानंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. त्याचा अहवाल हातात येईल तेव्हा पैसे उभे करायला वेळ उरलेला नसतो.

उंच इमारतीत हा प्रश्न तीस वर्षेही थांबत नाही. २२ ऑगस्ट २०१८ रोजी हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली आणि चौघांचा जीव गेला. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत नव्हती, असे अग्निशमन दलाला आढळले. तिथे भोगवटा प्रमाणपत्राचाही प्रश्न होता, त्यामुळे सगळे खापर रहिवाशांवर फोडणे अन्यायाचे ठरेल. पण २००६ चा राज्याचा अग्निसुरक्षा कायदा ही यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक आणि राहणाऱ्यांवर टाकतो आणि दर जानेवारी व जुलैत परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र मागतो. तीन मजली चाळीतून जिन्याने धावत खाली येता येत होते. विसाव्या मजल्यावर तो आधार पंपाचा, आणि पंप चालतो वार्षिक देखभालीच्या कराराने. (पॅसेजमध्ये सुटकेची वाट अडवणाऱ्या चपलांच्या कपाटाचा वादही म्हणूनच मी स्वस्त वादांत धरत नाही.)

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशांचाच, आणि तो खोटा नाही. निवृत्त गिरणी कामगार किंवा पेन्शनवर जगणारी विधवा महिन्याला पाच-सहा हजार कुठून आणणार? त्यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे क्षेत्रफळाप्रमाणे आकारणी. पण सहकारी सोसायटीत सेवाशुल्क सर्व फ्लॅटांना समान असते. वरळीच्या व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने क्षेत्रफळावरची आकारणी अमान्य केली. लिफ्टचा खर्चही तळमजल्यावाल्यासकट सगळ्यांना सारखाच. वॉचमन मोठ्या फ्लॅटवर जास्त पहारा देत नाही, तेव्हा तत्त्व बरोबर आहे. शिवाय बांधकाम खर्चावर ठरणाऱ्या दोन्ही निधींची रक्कम लहान घराला आपोआप कमी येते. तरीही तीनशे-चारशे फुटांच्या घराला टॉवरच्या दिमाखाचा समान वाटा जड जातो, हे मान्य करावेच लागेल. फक्त त्याचे उत्तर पंपाची देखभाल बंद करण्यात नाही. त्या दिमाखातले आपल्याला काय परवडेल, हे नकाशा मंजूर होण्याआधी बोलायचे असते.

बिल्डरने दिलेला कॉर्पस (देखभालीसाठीची ठेव) आहे ना, हे दुसरे उत्तर नेहमी तयार असते. उदाहरणच घ्यायचे तर दर घरामागे १० लाखांचा कॉर्पस सात टक्क्यांनी महिन्याला सुमारे ५,८०० रुपये व्याज देतो. आज बिल ६,००० चे असेल तर ते जवळजवळ भागते. पण खर्च वर्षाला सहा टक्क्यांनी वाढला तर बारा वर्षांत बिल दुप्पट होते आणि व्याज आहे तिथेच राहते. त्यातही ती रक्कम सोसायटीच्या नावे न ठेवता घरोघरी वाटून टाकली असेल, तर तिचे काय होते हे सांगायला नको; मुलीचे लग्न, मुलाचा गाळा, गावचे घर. प्रत्येक खर्च समजण्यासारखा, आणि लिफ्टच्या दोराला त्यातल्या एकाचाही उपयोग नाही.

कमिटी पैसे खाते, हा आक्षेप सगळ्यांत लोकप्रिय. काही ठिकाणी तो खराही असतो. पण मालक लबाड म्हणून भाडे गोठवल्याने लबाडी थांबली नाही, ती पागडीत शिरली. कायदा सदस्याला हिशेब पाहण्याचा आणि प्रती मागण्याचा हक्क देतो, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायला लावतो. या हक्काचा वापर किती होतो, हे सभेच्या हजेरीपटावरून दिसते. हिशेब आपलाच मानण्याचे एक जुने उदाहरण आहे. गावदेवीच्या सारस्वत सोसायटीने १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने जो मार्ग धरला त्यात इमारती संस्थेच्या आणि सदस्य आपल्याच संस्थेचे भाडेकरू होते. ते मध्यमवर्गीय, एका जातीचे, एकमेकांना ओळखणारे लोक होते आणि घर बांधायला एकत्र आले होते, म्हणून तुलना ताणू नये. चाळीतले लोक घर वाचवायला एकत्र आले. तरी भाडे घेणारा आणि देणारा एकच असला की खर्चाचा आकडा लपवून कुणाचाच फायदा नसतो, एवढे तिथून उचलता येते.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात, चार पातळ्यांच्या चाळीतून चाळीस मजली मनोऱ्यात. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचे रहिवासी त्याच वाटेवर आहेत. गिरगाव-लालबागच्या खासगी चाळींत तर करारावर सह्या व्हायच्याच आहेत. त्या करारात चौरस फूट, संक्रमण काळातले भाडे आणि पार्किंग यांवर महिनोन्‌महिने घासाघीस होते. कॉर्पस कुणाच्या नावे, इमारत सोसायटीच्या ताब्यात देईपर्यंतचा मेंटेनन्स कोण भरणार, विक्रीच्या आणि पुनर्वसनाच्या विंगचे वीजमीटर व पंप वेगळे की एकत्र, लिफ्ट किती, पोडियमवरच्या बागेचा खर्च कुणाचा, ही कलमे मात्र शेवटच्या पानावर, बिल्डरच्या वकिलाच्या भाषेत असतात. त्या पानावरच्या कलमांचा मसुदा कसा करून घ्यावा, ते पुढच्या आठवड्यात.