खिचडीतला विषारी कंद

मुक्ताईची पालखी ज्येष्ठातच पंढरीच्या वाटेला लागते, आणि आषाढी जवळ आली की बोदवडच्या किराणा दुकानांत साबुदाण्याची पोती उघडतात. आपला तालुका कापूस, मका, ज्वारीचा. साबुदाणा येतो तो तामिळनाडूतल्या सेलम भागातून, कसावा नावाच्या कंदापासून.

कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी तो केरळात आणला. त्याआधीपासून आग्नेय आशियात एका ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यातून साबुदाणा काढत आणि तोच आपल्याकडे येई. दुसऱ्या महायुद्धात ती आवक थांबली. मग 1943च्या सुमारास सेलमला कसाव्याच्या स्टार्चपासून साबुदाणा बनू लागला. आपल्या उपवासाच्या ताटातला हा कसाव्याचा साबुदाणा इतका अलीकडचा आहे!

या कंदात विष असतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. पेशींमध्ये लिनामरिन नावाचं द्रव्य असतं आणि त्याला फोडणारं विकर वेगळ्या कप्प्यात असतं. उंदराने कंद कुरतडला की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड तयार होतं. झाडाने स्वतःसाठी केलेला हा बंदोबस्त आहे. आफ्रिकेत दुष्काळाच्या काळात नीट प्रक्रिया न केलेला कडू कसावा खाल्ल्याने ‘कोन्झो’ हा पाय लुळे करणारा आजार होतो. कारखान्यात कंद सोलून किसतात, तेव्हा हेच विष मोकळं होतं. पण ते पाण्यात विरघळतं आणि 26 अंशांनाच उकळतं. त्यामुळे धुण्यात, निवळण्यात, भाजण्यात आणि उन्हात ते निघून जातं. तेव्हा साबुदाणा निर्धास्त खावा.

उणीव दुसरीच आहे. शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे 87 ग्रॅम कर्बोदकं असतात, प्रथिनं अर्धा ग्रॅमसुद्धा नाहीत. म्हणून खिचडीतलं शेंगदाण्याचं कूट मला फार मोलाचं वाटतं. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं असतात. शिवाय शिजताना चिकट होणाऱ्या दाण्यांवर कुटातल्या तेलाचा थर बसतो आणि खिचडी मोकळी होते. आपल्या आज्यांनी ही जोडी अचूक जमवली.

येत्या एकादशीला कूट सढळ हाताने घाला, सोबत वाटीभर दही घ्या. आणि घरात कुणाला मधुमेह असेल, तर त्यांच्या ताटात खिचडी थोडीच वाढा.