भातवडीला कोण कोणाशी लढले?

आजचे छत्रपती संभाजीनगर शहर १६१० मध्ये खडकी या नावाने वसवले ते मलिक अंबरने. जन्माने आफ्रिकेतला हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. दख्खनचा इतिहास म्हणजे भूमिपुत्र विरुद्ध परके, हिंदू विरुद्ध मुसलमान, अशी मांडणी आज सर्रास होते. तिच्यात अंबर कुठेच बसत नाही, म्हणून तो बाजूला सारला जातो. पण १६२४ ची भातवडीची लढाई पाहा. अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच धारातीर्थी पडले. समोर मोगल आणि आदिलशाही फौजा होत्या आणि मोगलांकडून उभे होते शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव. वंश किंवा धर्म एवढ्यावरच बाजू ठरत असत्या, तर ही रचना शक्यच नव्हती. वतन, जहागीर, घराण्यांचे वैर आणि दिल्लीचा वाढता दाब, यांनी ती ठरवली.

मग धर्माचा संघर्ष नव्हताच का? होता. औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा बसवला, ही वस्तुस्थिती झाकणे हाही विपर्यासच. मात्र त्या काळाचा रंग पन्नास वर्षे मागे नेऊन भातवडीला फासता येत नाही. शिवरायांच्या हयातीत रचलेल्या ‘शिवभारता’त कवींद्र परमानंदांनी अंबरच्या पराक्रमाचा गौरवच केला आहे. शिवकाळातल्या कवीला जे खटकले नाही, ते आपल्याला का खटकावे?