पडद्यावरचा बाजार आणि वर्गातले अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या अध्यापनात फळ्यावरील आकृतीला जे स्थान प्राप्त झाले आहे, ते अन्य कोणत्याही साधनाला लाभलेले नाही. मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो, पुरवठ्याचा वर चढतो, दोन्ही जेथे परस्परांना छेदतात तेथे समतोल किंमत ठरते. विद्यार्थी ही आकृती वहीत उतरवून घेतो. परीक्षेत ती नीटनेटकी काढली आणि अक्षांना नावे दिली की गुणही पदरात पडतात. परंतु ही आकृती काळाविषयी मुकी असते. एका समतोलापासून दुसऱ्या समतोलापर्यंत बाजार कसा जातो, त्याला किती हंगाम लागतात आणि मधल्या वाटेवर कोणाचे काय होते, याविषयी ती काहीही सांगत नाही. ‘इतर परिस्थिती कायम राहिल्यास’ या चार शब्दांत सारे आटोपते.

आमच्या महाविद्यालयातील कला शाखेच्या द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीने कौशल्यविषयक अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कांद्याच्या बाजारावर एक संवादी सचेतपट संगणकावर तयार केला. तंत्राच्या दृष्टीने तो अगदी साधा होता. तथापि तो करताना तिला ज्या अडचणी आल्या, त्या केवळ संगणकाच्या नव्हत्या. बहुतेक साऱ्या अर्थशास्त्राच्या होत्या. उच्च शिक्षणाच्या नव्या रचनेत अशा प्रकल्पांना श्रेयांक मिळू लागले असताना या अनुभवाचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

दाखविणारे चित्र आणि ऐकणारे चित्र

सचेतपट महाराष्ट्राला नवा नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वीच वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन पडद्यावर दाखविली होती, आणि १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये निर्जीव काड्यांना चालविले होते. तंत्र पुढे कितीही सुधारले, तरी एकामागून एक चित्रे वेगाने डोळ्यांपुढून सरकविण्याचे मूळ तत्त्व फारसे बदलले नाही. या कलेत चित्रांचा क्रम निर्मात्याच्या मुठीत असतो. प्रेक्षकाने बसावे आणि पाहावे, एवढेच त्याच्याकडे उरते.

संवादी सचेतपटात ही मूठ सुटते. प्रेक्षक कोणती कळ केव्हा दाबील, मुळात दाबील की नाही, हे निर्मात्याला ठाऊक नसते. म्हणून त्याला चित्रांची मालिका रचून भागत नाही, तर नियम लिहावे लागतात. असे घडले तर तसे व्हावे, अमुक शून्याखाली गेले तर तमुक थांबावे, अशी प्रत्येक शक्यतेची तरतूद करावी लागते. ॲडम स्मिथने ‘थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’ या ग्रंथाच्या १७९० च्या आवृत्तीत, समाजाला बुद्धिबळाचा पट समजणाऱ्या योजनाकाराला इशारा दिला होता तो हाच. या पटावरील प्रत्येक सोंगटीला स्वतःची चाल असते, हे तो विसरतो. संवादी सचेतपट करणाऱ्याला ते विसरून चालत नाही.

एका विद्यार्थ्याचे यंत्र

अर्थव्यवस्थेचे हलते आणि हाताळता येणारे चित्र पूर्वीही एका विद्यार्थ्यानेच तयार केले होते, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. न्यूझीलंडमध्ये १९१४ साली जन्मलेला बिल फिलिप्स हा पेशाने अभियंता. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत दिवस काढून तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाला तो समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून. केन्सप्रणीत अर्थशास्त्रातील प्रवाहांची भाषा ऐकून त्याच्यातला अभियंता जागा झाला. क्रॉयडन येथील एका गॅरेजमध्ये त्याने पारदर्शक टाक्या, नळ्या, झडपा आणि पंप जोडून सुमारे दोन मीटर उंचीचे यंत्र उभारले. रंगीत पाणी म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न. ते कर, बचत, आयात अशा वाटांनी फुटे आणि गुंतवणूक, शासकीय खर्च, निर्यात या वाटांनी पुन्हा प्रवाहात येई. झडप फिरवा आणि परिणाम डोळ्यांनी पाहा, अशी ती सोय होती. १९४९ च्या नोव्हेंबरात लायनेल रॉबिन्स यांच्या चर्चासत्रात हे यंत्र चालवून दाखविण्यात आले, आणि समाजशास्त्राचा हा विद्यार्थी अर्थशास्त्राचा अध्यापक झाला. बेरोजगारी आणि वेतनवाढ यांचा संबंध दाखविणारा, त्याच्या नावाने ओळखला जाणारा वक्र पुढे १९५८ मधला.

या कथेतील महत्त्वाचा भाग यंत्र चालविण्याचा नसून ते बांधण्याचा आहे. पाणी वाहते ठेवायचे तर प्रत्येक नळीचे दुसरे टोक कोठे तरी जोडावेच लागते. शब्दांत लिहिलेल्या सिद्धान्तात एखादी नळी उघडीच राहिली तर वाचकाच्या ते ध्यानात येतेच असे नाही. यंत्रात मात्र जमिनीवर पाणी सांडते.

भाव शून्याखाली गेला तेव्हा

आमच्या विद्यार्थिनीच्या हाती पाण्याऐवजी ‘स्क्रॅच’ ही संगणकीय भाषा होती. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली ती सर्वांना विनामूल्य खुली केली. सूचना टंकलिखित करण्याऐवजी रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, अशी तिची रचना आहे. मुलांसाठी केलेली ही भाषा महाविद्यालयात काय कामाची, असे काहींना वाटले. पण घरी संगणक नसलेल्या आणि प्रयोगशाळेत आठवड्याला मोजकेच तास मिळणाऱ्या मुलीला तीच परवडण्यासारखी होती.

तिने पडद्याच्या एका बाजूला शेत, मध्ये बाजार समितीचे आवार आणि दुसऱ्या बाजूला भावाचा आलेख काढला. नियम दोनच ठेवले. यंदाचा भाव आवकेवर ठरतो, आणि पुढच्या वर्षीची लागवड यंदाच्या भावावर ठरते. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचे प्रमेय म्हणतात; निकोलस काल्डॉर यांनी १९३४ साली त्याला हे नाव दिले आणि मॉर्डेकाय इझिकिएल यांनी १९३८ साली त्याची सविस्तर मांडणी केली. भावाला शेतकरी देतो तो प्रतिसाद ग्राहकाच्या प्रतिसादापेक्षा तीव्र असेल तर भावातील चढउतार शमत नाहीत, उलट हंगामागणिक वाढत जातात. कांदा महागला म्हणून गृहिणी तो फारसा कमी करीत नाही आणि स्वस्त झाला म्हणून दुप्पट खात नाही. लागवड मात्र एका वर्षात कोठल्या कोठे जाते. तेव्हा पडद्यावरचा भावही हिंदकळू लागला यात नवल नव्हते.

नवल पुढे घडले. सहाव्या की सातव्या हंगामात भाव शून्याच्या खाली गेला. आलेखाची रेषा अक्ष ओलांडून उतरली आणि यंत्राने काहीही तक्रार केली नाही. मागणीची रेषा सरळ धरली होती. आवक फार वाढली की ती अक्षाखाली जाणारच. पाठ्यपुस्तकातील आकृती अक्षापाशी थांबते, म्हणून हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. विद्यार्थिनीपुढे मात्र तो उभा राहिला. शून्याखालचा भाव म्हणजे काय? शून्यावर रेषा अडवावी, हा सोपा तोडगा तिने प्रथम योजला. नंतर तिने घरातल्या जुन्या पट्ट्या काढून पाहिल्या, आणि त्यात हमाली, तोलाई, मोटारभाडे वजा जाता हाती आलेली रक्कम कशी आक्रसत जाते ते तिला दिसले. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकल्यावर खर्च वजा जाता त्याच्या वाट्याला अवघे २ रुपये ४९ पैसे आले, हे वृत्त अनेकांना स्मरत असेल. बाजारातील भाव शून्याखाली जात नाही. शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव जाऊ शकतो. हा भेद लक्षात येताच तिने भावाचे दोन आकडे केले, एक फलकावरचा आणि एक पट्टीवरचा. वर्गातील कोणत्याही व्याख्यानाने हे इतके पक्के झाले नसते.

कळ कोणाला दाबता येते?

दुसरी अडचण अधिक खोल होती. प्रेक्षकाला शेतकऱ्याची भूमिका देऊन तिने दोन कळा ठेवल्या: ‘विका’ आणि ‘साठवा’. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, थोडीफार घट आणि सड सोसली तर पावसाळ्यात बरा भाव मिळू शकतो. सारे खेळणारे अर्थातच ‘साठवा’ दाबीत आणि जिंकत. तिने हा खेळ वडिलांना मोबाईलवर दाखविला. ते म्हणाले, “अगं, मार्चअखेर सोसायटीचं भरायचं असतं. तेव्हा हे बटण दाबायची सोय कोणाला आहे?”

या एका प्रश्नाने प्रकल्पाचे स्वरूप पालटले. तिने प्रत्येक शेतकऱ्याच्या नावे हातातील रोकड असा एक आकडा ठेवला आणि देणे भागविण्याइतकी रोकड नसेल तर ‘साठवा’ ही कळ पुसट होऊन निकामी व्हावी असा नियम घातला. मग जमीन सारखी, उत्पादन सारखे, बाजार एकच, पण आरंभीची रोकड वेगळी असे दोन शेतकरी तिने शेजारी शेजारी उभे केले. दहा हंगामांत त्यांच्यातील अंतर इतके वाढले की दुसऱ्याची रेषा पडद्याच्या तळाशी चिकटली. नडीपोटी होणाऱ्या विक्रीचा विचार अर्थशास्त्राला नवा नाही. परंतु विवेकी निवड या संकल्पनेत निवडीची मुभा गृहीत धरलेली असते, आणि ती मुभा रोकडीने विकत घ्यावी लागते, हे या मुलीने कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या हाताने कळ पुसट करून शिकून घेतले.

तिसरी कळ शासनाची होती. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, त्याच डिसेंबरात निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये अटींसह खुली केली आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्णपणे काढले. तिने ही कळ शेतकऱ्याऐवजी दुसऱ्या खेळाडूच्या हाती दिली आणि त्याला ग्राहकांचे समाधान सांभाळण्याचे काम सोपविले. वर्गात हा खेळ झाला तेव्हा गावाकडच्या मुलांनीही त्या जागी बसल्यावर निर्यातबंदीची कळ दाबली. त्यानंतर झालेला वाद तासाची घंटा वाजल्यावरही थांबला नाही.

मूल्यमापनाचा प्रश्न

आता याची दुसरी बाजू. मूल्यमापनाच्या तक्त्यात सादरीकरण, रंगसंगती, वेळेचे पालन यांना रकाने होते, गृहीतकांना नव्हता. साहजिकच तयार नमुने जोडून केलेले झगझगीत प्रकल्प वर गेले आणि हा मधल्या श्रेणीत राहिला. याबद्दल कोणा परीक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. जे तक्त्यात नाही ते त्याने मोजावे कसे?

या पद्धतीवर काही आक्षेप घेतले जातील आणि ते गैरवाजवी नाहीत. वेळ फार जातो, हा पहिला. एका आकृतीला दहा मिनिटे पुरतात, येथे तीन महिने गेले. म्हणून प्रत्येक प्रकरणाचा सचेतपट करावा असे कोणी म्हणणार नाही. संपूर्ण वर्षात एखादा पुरे. पडद्यावर हलते ते खरेच वाटते, हा दुसरा. तो अधिक गंभीर आहे, कारण नमुना म्हणजे वास्तव नव्हे आणि दोन नियमांचा बाजार म्हणजे लासलगाव नव्हे. परंतु हा भ्रम पाहणाऱ्याला होतो. करणाऱ्याला सहसा होत नाही, कारण आपण काय काय वगळले ते त्याला नेमके ठाऊक असते. साधने अल्पायुषी असतात, हा तिसरा. ‘फ्लॅश’ या एके काळी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या तंत्राचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेण्यात आला आणि त्यात केलेली असंख्य शैक्षणिक चित्रे नेहमीच्या संगणकांवर उघडेनाशी झाली. तेव्हा खुली साधने वापरणे आणि नियमांची कागदावर नोंद ठेवणे, एवढी दक्षता घेतलीच पाहिजे.

चौथा आक्षेप आजचा आहे. यंत्रबुद्धीला दोन वाक्ये सांगितली की असा सचेतपट काही मिनिटांत हाती येतो. मग विद्यार्थ्याने ठोकळे कशाला जुळवावेत? प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रश्नानेच मूल्यमापनाची दिशा स्पष्ट होते. तयार वस्तूला गुण देण्याचे दिवस संपले आहेत. गुण द्यायचे ते निर्णयांना. विद्यार्थ्याने प्रकल्पासोबत आपली गृहीतके, ती कोणत्या टप्प्यावर व का बदलली आणि काय वगळले याची चार-पाच पानांची नोंद द्यावी. परीक्षकाने त्यातील एखादा नियम समोर बदलायला सांगून परिणाम काय होईल ते आधी विचारावे आणि मग यंत्र चालवून पाहावे. ज्याने विचार केला असेल तो उत्तर देईल, मग ठोकळे कोणीही जुळविलेले असोत. यासाठी नवा निधी लागत नाही. तक्त्यात एक रकाना वाढवावा लागतो आणि प्रयोगशाळेचे दार सायंकाळी दोन तास अधिक उघडे ठेवावे लागते.

ग्रामीण महाविद्यालयांत येणारी मुले रिकाम्या पाटीने येत नाहीत. बाजार, कर्ज, पाऊस आणि पट्टी यांचे ज्ञान ती घरून घेऊन येतात, आणि वर्गात शिरताना ते दाराबाहेर ठेवायला आपण त्यांना शिकवितो. पाठ्यपुस्तकातील नियम आणि घरातला अनुभव यांना एकाच पडद्यावर समोरासमोर आणणारे साधन मिळाले असेल, तर शिक्षकांनी आणि विद्यापीठांनी त्याचा उपयोग करून घ्यायला हवा. तसे न झाल्यास कौशल्याच्या नावाखाली आपण केवळ नटवे पडदे तयार करणारी एक पिढी घडवू, आणि त्या पडद्यामागचा हिशेब मात्र पूर्वीसारखाच दुसरे कोणी तरी मांडीत राहील.