दरीत उतरणारी माणसं : घाटातलं बचावकार्य मुलांना समजावताना



आपल्या मालवण किनाऱ्यावरच्या मुलांना पावसाळी समुद्राची भीती वेगळी शिकवावी लागत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या दिसतात. आता पाण्यात जायचं नाही, हे घरातच कळतं. घाटाबद्दल मात्र असं काही कळत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण आंबोलीला जातो!

सावंतवाडीपासून साधारण ३० किलोमीटरवरची आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. वर्षाला तिथे ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कावळेसादला वाऱ्यामुळे धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं, ते बघायला गर्दी होते. पण तिथेच शेवाळलेला कातळ असतो, धुकं असतं. २०१७ च्या पावसाळ्यात कठड्यापलीकडे गेलेले दोन तरुण तिथून दरीत पडले. पाऊस आणि धुक्यामुळे त्यांचे मृतदेह वर आणायला काही दिवस लागले.

खाली कोण जातं?

पोलिसांसोबत बहुतेक वेळा स्थानिक स्वयंसेवकच दरीत उतरतात. आपल्याकडे आंबोली आणि सांगेलीची मंडळी हे काम करतात. लोणावळ्याची 'शिवदुर्ग मित्र', खोपोलीची 'यशवंती हायकर्स', 'महाबळेश्वर ट्रेकर्स' या अशाच संस्था. यातल्या बहुतेकांचा नोकरीधंदा वेगळा असतो. फोन आला की हातातलं काम टाकून निघायचं.

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली. ३० जण गेले, एकच वाचला. त्यानेच वर येऊन खबर दिली. त्यानंतर महाबळेश्वर-पोलादपूरकडच्या ट्रेकर्सनी दोर लावून मृतदेह वर काढले. जखमीला वाचवण्याइतकंच, घरच्यांना आपल्या माणसाचं अखेरचं दर्शन मिळवून देणं हेही या लोकांचं काम आहे.

काम कसं चालतं?

आधी एक प्रमुख ठरतो, सगळे त्याचंच ऐकतात. मग भक्कम झाड किंवा खडक बघून दोर बांधतात. उतरणाऱ्याला दोन दोर असतात : एक मुख्य, दुसरा तो तुटला तर सांभाळणारा. कडेवरचा माणूस दोर खडकावर घासत नाही ना, दगड सुटत नाहीत ना, हे बघतो. खाली पोचल्यावर जखमीला स्ट्रेचरवर घट्ट बांधतात.

वर ओढताना आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातली कप्पी कामाला येते. तीनास एक अशी रचना केली की ८० किलोचं ओझं ओढायला साधारण २७ किलोइतकाच जोर लागतो (घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडा जास्त). पण ३० मीटर वर आणायला ९० मीटर दोर ओढावा लागतो. कष्ट वाचत नाहीत, ते फक्त वाटले जातात. साधी यंत्रं शिकवताना हे उदाहरण जरूर द्या, मुलं विसरणार नाहीत.

धुकं दाटलं किंवा दगड कोसळू लागले, तर प्रमुख काम थांबवतो. वर नातेवाईक रडत असतात, तरीही थांबवतो. याला भित्रेपणा म्हणायचं नाही. वाचवणाराच पडला, तर एकाऐवजी दोघांना काढावं लागतं.

आपण काय शिकवायचं?

पथक पोचेपर्यंतचा वेळ आपल्या हातात असतो. सहलीआधी मुलांकडून एवढं पाठ करून घ्या :

१. कोणी पडलं तर मागोमाग उतरायचं नाही. पडलेली जागा नजरेत ठेवायची.
२. ११२ ला फोन करायचा. कुठे, किती जण, केव्हा आणि शुद्धीवर आहेत का, हे सांगायचं.
३. फोनची बॅटरी राखायची. व्हिडिओ काढत बसायचं नाही.
४. वाट चुकली तर भटकायचं नाही. एका जागी थांबून शिट्टी वाजवायची.

वर्गात दोघादोघांना असा फोन करण्याचं नाटक करायला लावा. 'मोठ्या झाडाजवळ' एवढ्यावर पथक पोचत नाही, हे त्यांना आपोआप समजेल. आणि कठड्याबद्दल एकच सांगा : आपण तो ओलांडला, तर आपल्यासाठी दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाला दोरावर लटकत खाली उतरावं लागतं.